आधी पत्राची पाठ वाचा: अठराव्या शतकातल्या ब्रिटिश भावंडांची पत्रे

प्रश्न थोडक्यात असा आहे. अठराव्या शतकातल्या ब्रिटिश भावाबहिणींच्या पत्रव्यवहारावर प्रबंधिका लिहायची आहे आणि त्यातली काही पत्रे मराठीत आणायची आहेत. पण तारखा जुळत नाहीत, ‘ब्रदर’ म्हणजे नेमका कोण ते कळत नाही, अर्धे पत्र उशिराबद्दल माफी मागण्यात जाते आणि उरलेले पैशांत नि प्रकृतीत. यात भावंडांची माया शोधायची कुठे?

माया आहे, भरपूर आहे. पण ती कागद, टपालहशील, वारसा आणि वयाचा मान यांच्या चौकटीत लिहिलेली आहे. चौकट कळली नाही तर साधा शिष्टाचार प्रेमाचा वाटतो आणि खरी माया कोरडी वाटते. छापील आवृत्तीत पत्र ‘माय डिअर सिस्टर’पासून सुरू होते, तिथेच वाचक फसतो. मूळ पत्र किंवा त्याचे छायाचित्र मिळत असेल तर आधी पाठ बघा, म्हणजे पत्ता, घड्या, शिक्के, लाख आणि हशिलाचा आकडा. मजकूर नंतर.

त्या काळी टपालाच्या पत्राला पाकीट क्वचितच असे, कारण हशील तावाच्या संख्येवर ठरे आणि पाकीट हा दुसरा ताव मोजला जाई. एक ताव मधोमध दुमडून चार पाने करायची, पहिल्या तीन पानांवर मजकूर आणि चौथ्याच्या मधल्या पट्ट्यात पत्ता. हे कळायला एक प्रयोग करून बघा. ए-३ आकाराचा कागद दुमडून चार पाने करा, पहिले पान वर ठेवा. वरचा एक तृतीयांश भाग खाली आणि खालचा वर आणा. आडवी लांब पट्टी तयार होईल. तिची दोन्ही टोके आत वळवून एक टोक दुसऱ्यात खोचा आणि सांध्यावर लाख लावली असे समजा. आता पुडके उलटे करा. पत्ता लिहायची जागा समोर येईल आणि चौथ्या पानाचे वरचे नि खालचे तृतीयांश आत झाकले गेलेले असतील. काटकसरी लोक या झाकलेल्या भागांतही मजकूर लिहीत. म्हणून वाचनाचा क्रम सहसा पहिले पान, दुसरे, तिसरे, मग चौथ्याचा वरचा भाग, खालचा भाग, मग समास आणि शेवटी पहिल्या पानाच्या माथ्यावर उलटा लिहिलेला ताजा कलम. या माथ्यावरच्या ओळी पहिल्या पानावर दिसतात म्हणून त्या आधी वाचल्या तर शेवटची बातमी सुरुवातीला येते आणि सगळा अर्थ उलटतो. शतकाच्या अखेरीस काही जण पान नव्वद अंशांत फिरवून आधीच्या ओळींवर आडवे लिहू लागले. तसे पत्र छायाचित्रात वाचताना प्रतिमा फिरवा आणि एका वेळी एकाच दिशेच्या ओळींवर लक्ष ठेवा.

तिसऱ्या पानाच्या कडेला, मधल्या उंचीवर, बहुतेक पत्रांत एक भोक दिसते. लाख फोडताना कागद तिथे फाटला. फाटलेला तुकडा पुष्कळदा समोरच्या कडेला लाखेखाली चिकटलेला असतो, हरवलेला शब्द तिथे सापडू शकतो. सराईत माणूस लिहितानाच ती जागा कोरी सोडी. नेमके तिथेच शब्द गेलेले असतील तर पत्र घाईत लिहिले गेले असण्याची शक्यता धरा. लाखेचा रंगही बघा. एरवी तांबडी, सुतकात काळी. तारीख नसलेल्या पत्राला काळी लाख असेल तर घरातल्या मृत्यूंची यादी काढून ठेवा. लाखेऐवजी पिठाची पातळ, ओली करून चिकटवायची चकतीही सर्रास वापरली जाई.

हशिलाचे गणित कळल्याशिवाय पत्राची लांबी आणि सूर यांचा अर्थ लागत नाही. साधारणपणे पैसे पत्र घेणारा देई. १७११ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये एका तावाला ८० मैलांपर्यंत ३ पेन्स, त्यापुढे ४ पेन्स. लंडनहून एडिंबरो किंवा डब्लिनला ६. दोन ताव असतील तर दुप्पट, तीन असतील तर तिप्पट, एक औंस वजन भरले तर चौपट. टपालकारकून पत्र मेणबत्तीसमोर धरून आत किती ताव आहेत ते बघत. १७६५ मध्ये अगदी जवळच्या टप्प्यांचे दर उतरले, पण १७८४ मध्ये सगळे चढले: ८० मैलांपर्यंत ४ पेन्स, १५० पर्यंत ५, त्यापुढे ६. १७९७ मध्ये पुन्हा चढले: १५ मैलांपर्यंत ३ पेन्स आणि १५० मैलांपुढे ८. शेतमजुराची दिवसाची कमाई तेव्हा साधारण १ शिलिंग, म्हणजे १२ पेन्स. लंडनपासून ८० मैलांपुढे राहणाऱ्या गरीब बहिणीला तिथल्या भावाचे दोन तावांचे पत्र आले तर १७२० मध्येही तिला ८ पेन्स मोजावे लागत. ‘हे पत्र हशिलाच्या लायकीचे नाही’ असे वाक्य पानोपानी येते त्याचे कारण हे आहे. तो नुसता विनय नाही. लिहिणारा समोरच्याच्या खिशात हात घालतो आहे आणि त्याची जाणीव बोलून दाखवतो आहे. समास भरून टाकणे, दुसरा ताव टाळणे, नवी चिठ्ठी न लिहिता भावजयीच्या पत्राच्या तळाशी चार ओळी जोडणे, या सगळ्यात बहिणीचे पैसे वाचवण्याची काळजी आहे. प्रबंधिकेत मायेचा पुरावा म्हणून ‘लव्ह’ शब्द मोजण्यापेक्षा हे जास्त मोलाचे ठरेल.

पत्त्यावर मोठ्या अक्षरात खरडलेला ३, ४ किंवा ८ हा आकडा हशिलाचा असतो. तो तारीख किंवा पत्राचा क्रमांक समजला जातो, ही नवख्यांची नेहमीची चूक. आकडाच नसेल तर तीन शक्यता असतात. एक, पत्र कुणाच्या हाती पाठवले. अशा वेळी पत्त्याच्या कोपऱ्यात ‘अमुकांच्या कृपेने’ अशी नोंद सापडते. दोन, ते सामानाच्या पेटीतून गेले. मालासोबतचे पत्र टपालखात्याच्या मक्त्यातून सुटे, म्हणून हॅम, शर्ट, चहाची पुडी आणि पत्र एकत्र जात. तीन, फ्रँक. पार्लमेंटच्या सदस्यांची पत्रे हशिलाविना जात आणि सदस्य नातलगांच्या पत्रांवर सही करून देत. हे इतके बोकाळले की १७६४ पासून सदस्याने पूर्ण पत्ता स्वतःच्या हाताने लिहावा, १७८४ पासून ठिकाण आणि तारीखही लिहावी, आणि १७९५ पासून दिवसाला १० पाठवावी नि १५ घ्यावी, वजन १ औंसाच्या आत, अशी बंधने आली. म्हणून पत्त्याचे अक्षर आतल्या अक्षरापेक्षा वेगळे दिसले तर लेखक दोन आहेत असे मानू नका, आधी कोपऱ्यातली सही बघा. १७८४ नंतरच्या फ्रँकवरची तारीख भरवशाची असते, पण ती टपालात टाकण्याची असते. मजकूर चार दिवस आधी सुरू झालेला असू शकतो.

शिक्क्यांपैकी सगळ्यात जुना छोटा गोल, १६६१ मध्ये टपालखात्याचा प्रमुख हेन्री बिशप याने सुरू केलेला. त्यात दिवस आणि महिन्याची दोन अक्षरे असतात, वर्ष नसते. लंडनच्या शिक्क्यांत वर्ष शतकाच्या अखेरीस येऊ लागते. १७८४ च्या सुमारापासून गावांच्या शिक्क्यांत लंडनपासूनचे अंतर मैलांत दिसते, त्यावरून हशील ताडून बघता येते. त्याच वर्षी, २ ऑगस्टला, जॉन पामरची पहिली टपालगाडी ब्रिस्टलहून बाथमार्गे लंडनला धावली आणि रात्रभरात पोचली. त्याआधी घोड्यावरचा पोऱ्या टपाल नेई. शतकाच्या सुरुवातीला लंडनहून बहुतेक रस्त्यांवर टपाल आठवड्यातून तीनदाच सुटे: मंगळवार, गुरुवार, शनिवार. पुढे बाथच्या राल्फ ॲलनने १७२० पासून आडमार्गांच्या टपालाचा मक्ता घेऊन लंडनला वळसा न घालता जाणारे टपालमार्ग चालू केले. पत्राचा शेवट तोडल्यासारखा वाटला तर तो टपालाचा वार होता का ते बघा. ‘टपाल निघते आहे’ हे त्या काळचे खरे कारण होते.

आता तारखा. इथे घाई केली तर सगळा कालक्रम कोसळतो. १७५१ पर्यंत इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, स्कॉटलंडमध्ये मात्र १६०० पासूनच १ जानेवारीला. लंडनच्या बहिणीने ‘१० फेब्रुवारी १७३१’ लिहिले तर आपल्या हिशेबाने ते बहुधा १७३२ असते. एडिंबरोच्या भावाने तेच लिहिले तर १७३१च. समजूतदार लोक १७३१/२ असे दुहेरी वर्ष लिहीत. त्यात भर म्हणजे युरोप खंडातली बरीच राज्ये नव्या (ग्रेगोरियन) पंचांगावर होती आणि ब्रिटन जुन्या (ज्युलियन) पंचांगामुळे ११ दिवस मागे. जर्मनीतली डेटिंगेनची लढाई जुन्या गणनेने १६ जून १७४३ ला झाली, नव्या गणनेने २७ जूनला. सैन्यातला भाऊ छावणीतून नव्या गणनेची तारीख घालतो, घरची बहीण जुन्या गणनेने उत्तर देते, आणि उत्तराची तारीख मूळ पत्राच्या आधीची निघते. यात गूढ काही नाही, ११ दिवस वजा करा. ब्रिटनने १७५२ मध्ये बदल केला: बुधवार २ सप्टेंबरनंतर थेट गुरुवार १४ सप्टेंबर. वार तुटला नाही, तारखा तुटल्या. म्हणून त्याआधीचा वार काढायला जुन्या गणनेचीच जंत्री वापरा. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या घराण्यांत महिन्यांना नावे नसून क्रमांक असतात, आणि १७५२ पूर्वी त्यांचा ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च. इतरांच्या पत्रांत ७, ८, ९, १० या आकड्यांपुढे ‘बर’ जोडलेले दिसेल. ते लॅटिन अंकांवरून आलेले सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर आहेत. ७ बघून जुलै लिहिणारे पुष्कळ असतात. ‘इन्स्टंट’ म्हणजे चालू महिन्याची तारीख, ‘अल्टिमो’ म्हणजे मागच्या महिन्याची.

वर्ष नसलेले पत्र कसे बसवायचे याचा एक नमुना देतो. जेन ऑस्टेनने थोरली बहीण कॅसँड्राला लिहिलेले, आज ज्ञात असलेले सगळ्यात जुने पत्र शनिवार, ९ जानेवारीचे आहे. वर्ष माहीत नाही असे समजा. ९ जानेवारीला शनिवार १७७९, १७९०, १७९६ आणि १८०२ मध्ये येतो. वारावरून इतकेच कळते. जेनचा जन्म डिसेंबर १७७५ चा, म्हणून १७७९ बाद. पत्राच्या सुरुवातीलाच ती बहिणीला आणखी २३ वर्षे आयुष्य चिंतते. कॅसँड्राचा जन्म ९ जानेवारी १७७३, म्हणजे पत्र तिच्या वाढदिवसाला लिहिले आणि तिला त्या दिवशी २३ पूर्ण झाली. वर्ष १७९६. क्रम लक्षात ठेवा: वार, मग संभाव्य वर्षांची यादी, मग जन्म, लग्न, मृत्यू, बदली असे मजकुरातले दाखले. पेशवे दप्तरातल्या पत्रांत ‘छ’ घालून चंद्र आणि महिना दिलेला असतो, वर्ष जंत्रीने काढावे लागते. ती शिस्त ज्याला ठाऊक आहे त्याला हे काम परके वाटणार नाही.

कागदावरच्या जलचिन्हाचा (वॉटरमार्कचा) पुरावा एका बाजूनेच चालतो. १७९४ पासून इंग्लिश कागदाच्या जलचिन्हात वर्ष घालण्याची पद्धत कायद्यातल्या एका करसवलतीमुळे रुळली. जलचिन्हात १७९४ असेल तर पत्र त्याआधीचे नाही, एवढेच सिद्ध होते. तो दस्ता घरात किती दिवस पडून होता ते कागद सांगत नाही.

सगळ्यात उपयोगी नोंद बहुधा पत्र घेणाऱ्याच्या हातची असते. पत्र घडी करून गठ्ठ्यात ठेवताना तो पाठीवर लिहून ठेवी: कुणाचे, कोणत्या तारखेचे, कधी मिळाले, उत्तर कधी दिले. ही नोंद नक्की उतरवून घ्या. उत्तर हरवलेले असले तरी ते दिले गेले होते आणि कोणत्या दिवशी, हे इथे कळते. छापील आवृत्त्यांत नेमकी हीच ओळ गाळलेली असते.

नात्यांच्या शब्दांना मराठी वाचकाने सगळ्यात जास्त जपावे. आपल्याकडे दीर, मेहुणा, साडू, नणंद, भावजय, मेहुणी हे सगळे वेगवेगळे. त्या पत्रांत मेहुणा, दीर, साडू, सावत्र भाऊ, सगळे ‘ब्रदर’. ‘सिस्टर’ तशीच. ‘मदर’ सासूही असू शकते, आणि ‘इन-लॉ’ हे शब्द कधी सावत्र नात्यालाही लागतात. ‘फ्रेंड्स’ म्हणजे पुष्कळदा नातेवाईक, वडीलधारे, ज्यांच्या शब्दावर लग्न आणि नोकरी ठरे ते लोक. ‘फॅमिली’ म्हणजे एका छताखालचे सगळे, नोकरांसकट. आडनावापुढे नुसते ‘मिस’ म्हणजे थोरली अविवाहित मुलगी, धाकटीला ‘मिस’पुढे पाळण्यातले नाव. थोरलीचे लग्न झाले की ‘मिस ऑस्टेन’सारखे बिरूद दुसरीकडे जाते, म्हणून एकाच नावाची व्यक्ती दहा वर्षांत बदलू शकते. काम सुरू करण्याआधी प्रत्येक कुटुंबाचा वंशवृक्ष काढा, त्यावर जन्म, लग्न, मृत्यूच्या तारखा घाला, आणि भाषांतर करताना ‘ब्रदर’ दिसला की वृक्षाकडे बघून शब्द निवडा. चुकून मेहुण्याचा भाऊ झाला तर मालमत्तेचा सगळा युक्तिवाद बिघडतो.

पैशांबद्दल इतके का बोलतात? कारण जमीनदार घरांत बहुतेक इस्टेट थोरल्याकडे जाई आणि धाकट्यांचा वाटा त्याच इस्टेटीवर बोजा म्हणून ठेवलेला असे. बहिणीचा वाटा १००० पौंड धरा. लग्न होईपर्यंत भावाने तिला व्याज द्यायचे, ४ टक्क्यांनी वर्षाला ४० पौंड, तिमाहीला १०. कायद्याने कमाल व्याज १७१४ पासून ५ टक्के. हप्त्याचे दिवस ठरलेले: २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर, २५ डिसेंबर. या तारखांच्या आसपासची पत्रे वेगळी काढून एकापुढे एक ठेवा. ‘तुझ्या सवडीने’ हे शब्द तिथे येतात, आणि हप्ता दोनदा चुकल्यावर तेच शब्द किती ताठ होतात तेही दिसते. भाऊ इथे पालकही असतो, कर्जदारही. धाकट्या भावांना चर्च, आरमार, सैन्य, वकिली, व्यापार किंवा हिंदुस्थान, आणि त्यासाठी शिफारस हवी. ती शिफारस बहिणींच्या सासरच्या ओळखींतून येई. तेव्हा बहिणीच्या पत्रात चहाला कोण आले होते याची यादी असते ती निरर्थक गप्पा म्हणून सोडून देऊ नका.

सुराबद्दल एक इशारा. शतकाच्या पूर्वार्धात थोरल्या भावाला बहीण ‘सर’ लिहिते, अभिवादन आणि मजकूर यांच्यामध्ये कोरी जागा सोडते, शेवटी ‘आपली प्रेमळ बहीण आणि आज्ञाधारक सेविका’ अशी सही करते. यावरून दुरावा ठरवू नका. त्याच व्यक्तीची दहा-पंधरा पत्रे लावून तिचे नेहमीचे अभिवादन आणि शेवट काय ते आधी ठरवा. नेहमीच्या रीतीपासून ती जिथे सरकते तिथे थांबा. एरवी ‘डिअर ब्रदर’ लिहिणारी एकदाच नावाने हाक मारते, किंवा नावाने लिहिणारी अचानक ‘सर’वर येते, तिथे काहीतरी घडले आहे. रिचर्ड वेलस्ली हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल असताना त्याचा धाकटा भाऊ आर्थर त्याच्या हाताखाली लढत होता. १८०३ ची असईची लढाई त्यातलीच. सरकारी पत्रात तो थोरल्याला ‘माय लॉर्ड’ म्हणतो, आणि खासगी पत्रात, रिचर्ड मॉर्निंग्टनचा अर्ल असेपर्यंत, ‘माय डिअर मॉर्निंग्टन’. पाळण्यातले नाव खासगीतही नाही. त्या वर्गात हेच जवळिकीचे संबोधन होते.

पत्र खासगी असते ही समजूतही सोडा. न्याहारीच्या टेबलावर ते मोठ्याने वाचले जाई, शेजारी फिरवले जाई, दुसऱ्या बहिणीकडे पाठवले जाई. म्हणून आतल्या गोष्टीसाठी वेगळा चिठोरा घालत किंवा अमुक ओळीपासून पुढे मोठ्याने वाचू नकोस अशी सूचना लिहीत. पत्रात एखादा विषय टाळला असेल तर लिहिणारी भीत होती की ऐकणारे दुसरे कोण आहेत हे तिला ठाऊक होते, हे ठरवायला पत्र कोणत्या घरी गेले ते बघावे लागते.

अभ्यासाला एकच पत्रव्यवहार निवडायचा तर माझे मत लेनॉक्स बहिणींना. रिचमंडच्या ड्यूकच्या या मुली: कॅरोलाइन १७२३ ची, एमिली १७३१ ची, लुइझा १७४३ ची, सारा १७४५ ची. कॅरोलाइनने १७४४ मध्ये हेन्री फॉक्सशी पळून जाऊन लग्न केले. एमिली १७४७ मध्ये किल्डेअरच्या अर्लशी लग्न करून आयर्लंडला गेली. १७५० आणि १७५१ मध्ये आईवडील गेले आणि लहानग्या लुइझा नि सारा एमिलीकडे वाढल्या. बहीण आणि आई एकाच व्यक्तीत आल्या. कॅरोलाइन एमिलीला बरोबरीने लिहिते, सल्ला देते, वाद घालते. सारा त्याच एमिलीला लेकीच्या मोकळेपणाने आणि लेकीच्या धाकाने लिहिते. ‘सिस्टर’ हा एकच शब्द दोन पत्रांत दोन नाती सांगतो. फॉक्स पार्लमेंटमध्ये होता, फ्रँकची सोय घरातच, म्हणून कॅरोलाइनच्या पत्रांच्या लांबीवर हशिलाचा लगाम नाही. ऐपत नसलेल्या घरच्या पत्रांशी या लांबीची तुलना करणे चुकीचे ठरेल. हा संग्रह मुख्यतः एमिलीला आलेल्या पत्रांचा आहे आणि डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्याची तीन खंडांची छापील आवृत्तीही आहे.

कादंबरीकार फॅनी बर्नीची पत्रे वेगळ्याच जातीची. १७८६ ते १७९१ ती राणी शार्लटच्या पोशाखखात्यात होती आणि दिवसांमागून दिवस रोजनिशी लिहून तिच्या पुडक्या बहीण सुझनला पाठवी. अशा रोजनिशी-पत्रावरची पहिली तारीख सुरुवातीची असते, पाठवल्याची नव्हे. प्रसंग घडल्याचा दिवस आणि लिहिल्याचा दिवस यांतही आठवड्यांचे अंतर पडते, तेव्हा टिपणात दोन्हींचे रकाने वेगळे ठेवा. सुझन जानेवारी १८०० मध्ये वारली. फॅनी १८४० पर्यंत जगली आणि म्हातारपणी तिने जुन्या पत्रांतल्या ओळीच्या ओळी शाईने गिरवून झाकल्या. विसाव्या शतकात संपादकांनी त्यातला बराच मजकूर वाचून काढला. छायाचित्रावर हे करायचे तर आधी ओळीच्या वर-खाली डोकावणारी शेपटे आणि माथे मोजा. गिरवणे मधला भाग झाकते, उंच अक्षरांची टोके सुटतात. आणि गिरवणारा हात कुणाचा ते तपासा, कारण तिच्यानंतर नातलग संपादकांनीही कापाकापी केली.

कॅसँड्रा ऑस्टेनने १८४५ मध्ये मरण्यापूर्वी दोन-तीन वर्षांत जेनची बरीच पत्रे जाळली. जेनची सुमारे १६० पत्रे उरली, त्यांतली बहुसंख्य कॅसँड्रालाच. दोघी एकत्र असत तेव्हा पत्रांची गरजच नसे, म्हणून मधली पोकळी दरवेळी जाळल्याचीच असते असे नाही. आधी दोघींचा ठावठिकाणा महिनावार मांडा. वेगळ्या असूनही पत्र नाही, तीच खरी पोकळी.

हिंदुस्थानातून जाणाऱ्या पत्रांचे गणित निराळे. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या केपला वळसा घालून एका बाजूने पाच-सहा महिने, उत्तर यायला वर्ष उलटे. जहाज बुडेल किंवा पकडले जाईल म्हणून तेच पत्र दोन जहाजांनी पाठवत आणि पत्रांना क्रमांक घालत. एकाच पत्राच्या दोन प्रती मिळाल्या तर एक रद्द करू नका, त्यांतले फरक नोंदवा. १८१८ मध्ये सोलापूर घेणारा थॉमस मन्रो १७८० मध्ये मद्रासला आला, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. ग्लासगोतली बहीण अर्स्किन हिला त्याने लिहिलेली पत्रे वाचा. हिंदुस्थानातले सैनिकी जीवन म्हणजे ऐषआराम, ही घरच्यांची कल्पना तो तपशील देऊन मोडतो. अशा पत्रांत बहिणीला चिंता वाटू नये म्हणून काय गाळले तेही शोधावे लागते. त्यासाठी त्याच काळात वडिलांना नि भावाला लिहिलेली पत्रे शेजारी ठेवा. आजाराचा उल्लेख भावाकडे असतो आणि बहिणीकडे नसतो, हा फरक बोलका आहे.

अक्षर वाचताना: ‘वाय’सारखे दिसणारे अक्षर आणि वर चिमुकला ‘ई’ म्हणजे ‘द’. वर ‘टी’ असेल तर ‘दॅट’. ‘डब्ल्यू’वर ‘सीएच’ म्हणजे ‘विच’. लांब ‘एस’ ‘एफ’सारखा दिसतो. दोन ‘एस’ एकत्र आले की पहिला लांब, दुसरा आखूड. ‘सेनाइट’ म्हणजे सात रात्री, एक आठवडा. ‘मॉर्निंग’ दुपारच्या जेवणापर्यंत चाले आणि सुखवस्तू घरांत ते जेवण तीन ते पाचच्या दरम्यान होई, म्हणून ‘मॉर्निंग’ला आलेला पाहुणा दुपारी दोनलाही आलेला असू शकतो. स्पेलिंग दुरुस्त करू नका. पुरुषांचेही डळमळीत असे, त्यावरून बहिणीचे शिक्षण मोजू नये. नक्कल ओळीला ओळ ठेवून उतरवा, गेलेला मजकूर कंसात, अंदाज असेल तर प्रश्नचिन्हासकट.

भाषांतरात ‘यू’चे काय करायचे हा निर्णय दर जोडीमागे एकदाच घ्या आणि टिकवा. जेन कॅसँड्राला ‘तू’. सारा एमिलीला ‘तू’च, कारण आपल्याकडे आईला ‘तू’ म्हणतात आणि नाते तेच आहे. १७२० मधली बहीण वारसदार थोरल्या भावाला ‘तुम्ही’. ‘ताई’, ‘दादा’ घालण्याचा मोह आवरा. त्यांनी मराठीपण येते, पण मूळ पत्रातली ‘सर’ ते ‘डिअर ब्रदर’ ही पायरी नाहीशी होते.

आणि मूळ कागद हाताळायला मिळाला तर: शाई मायफळ, हिराकस आणि डिंक यांची. लिहिताना काळी, आता तपकिरी. ती आम्लधर्मी असते, जाड फटकाऱ्यांवर कागद करपून तडकतो. त्यावर ओलसर काही लावू नका, पाण्याने शाईतले लोह पसरते आणि नुकसान वाढते. हातमोजे नकोत, बोटांना कडा जाणवत नाहीत. हात धुऊन कोरडे करा. टिपणे पेन्सिलीने. फिकट ओळींसाठी दिवा कागदाच्या बाजूने खाली धरून तिरका प्रकाश द्या, जलचिन्हासाठी मागून. घडी सपाट करायला दाबू नका, इस्त्री तर नाहीच. परत ठेवताना जुन्याच घड्यांवर, ज्या क्रमाने उलगडले त्याच्या उलट क्रमाने दुमडा, आणि लाखेचा तुकडा सुटला असेल तर तो पत्रासोबतच, नोंद करून, ग्रंथपालाच्या हाती द्या.